कॅमेऱ्याचे पैसे की फीचे?

काकू, मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. यंदा बारावी सायन्स संपली. मार्क चांगले आहेत, त्यामुळे घरात सगळ्यांनी इंजिनिअरिंग धरूनच ठेवलं होतं. मला फाइन आर्ट्सला जायचंय. लहानपणापासून चित्रं काढते आणि मामाच्या जुन्या कॅमेऱ्यावर फोटोही काढते. मामाचा रावपुऱ्यात स्टुडिओ आहे. तो म्हणतो, ‘चार वर्षं कशाला घालवतेस? सहा महिने माझ्याबरोबर लग्नांना चल, सगळं शिकवतो, वर पैसेही देतो.’ बाबा म्हणतात, ‘एक तर चांगल्या कॅमेऱ्याचे पैसे देतो, नाही तर कॉलेजच्या फीचे. दोन्ही जमणार नाही. आणि आता मोबाइल आणि एआय सगळं करतात, पुढे तुला काम कोण देणार?’ आईची काळजी वेगळीच आहे. फाइन आर्ट्समध्ये ॲसिड वापरतात असं तिने ऐकलंय. मला ग्राफिक आणि फोटोग्राफी दोन्ही आवडतं. एकच निवडावं लागेल का? आणि कॅमेरा घ्यायचाच झाला तर कुठला?
— एक विद्यार्थिनी, बडोदा

प्रिय मुली,

फीचे पैसे घे. कॅमेरा थांबू शकतो.

तुझा मामा चुकीचं बोलत नाहीये. मंगल कार्यालयाच्या पिवळ्या उजेडात नवरीच्या चेहऱ्याचा रंग सांभाळणं, अंतरपाट दूर होतो त्या क्षणी नेमक्या जागी उभं असणं, रुसलेल्या आत्याबाईंना न दुखावता चौकटीत आणणं आणि नंतर उरलेले पैसे वसूल करणं, हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. मामा ते शिकवेल. कॅमेऱ्याचं तंत्रही तो सहा महिन्यांत शिकवेल, हेही खरं. छिद्र किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद, किती धरायचा, या तिन्हींचा तो हिशेब आहे. छिद्र एक पायरी मोठं केलंस की उजेड दुप्पट येतो, मग वेळ निम्मा करायचा. छिद्र मोठं केल्यावर मागचं धूसर होतं, वेळ वाढवल्यावर हलणारं माणूस पुसट होतं, आयएसओ चढवल्यावर फोटोत दाणे दिसायला लागतात. रोज हाताळलंस तर हे बोटांत बसतं, त्यासाठी पदवी लागत नाही.

म्हणून कॅमेरा शिकायला चार वर्षं घालवू नयेत, इथपर्यंत मी मामाच्या बाजूची आहे. चार वर्षं लागतात ती वेगळ्या कामासाठी. मामाच्या धंद्यात चांगला फोटो कुठला हे गिऱ्हाईक ठरवतं, आणि ते योग्यच आहे, कारण पैसे त्याचे आणि लग्नही त्याचं. पण अठराव्या वर्षापासून डोळा फक्त दुसऱ्याच्या पसंतीवर घडत गेला, तर आपल्याला स्वतःला काय बघायचं होतं हे विचारायची सवयच लागत नाही. चांगल्या कला महाविद्यालयात ते सतत विचारलं जातं. काम भिंतीला टाचायचं, सगळ्या वर्गाने त्याच्यासमोर उभं राहायचं आणि शिक्षकांनी विचारायचं, की हा माणूस कडेला का ढकललास, ही निळी इतकी गडद का केलीस, रस्त्यावरचा म्हातारा दिसला की फोटो काढायचा हे तू ठरवलंस की तू आजवर पाहिलेल्या फोटोंनी तुझ्यासाठी ठरवलं. उत्तर नसतं तेव्हा फार लागतं. पहिल्या वर्षी बहुतेकांना लागतं. पण दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा करायला वेळ, टेबल आणि जागा असते, आणि हे मामा तुला देऊ शकणार नाही, कारण त्याला पुढच्या मुहूर्तावर पोचायचं असतं.

आता एक व्यवहाराची गोष्ट. इथे मुलं हमखास गोंधळतात, आणि तुझ्या पत्रावरून तूही गोंधळली आहेस असं वाटतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये ग्राफिक आर्ट्स हा विभाग प्रिंटमेकिंगचा, म्हणजे पत्रा, दगड, लाकूड यांवर चित्र करून ते कागदावर हाताने छापण्याचा आहे. एचिंग, लिथोग्राफी, लाकडावरचं कोरीव काम, स्क्रीनमधून छपाई हे तिथे चालतं. तू मनात धरलेलं ग्राफिक जर लोगो, पुस्तकाची मांडणी, पोस्टर, औषधाचं खोकं, अक्षरं हे असेल, तर ते ॲप्लाइड आर्ट्समध्ये येतं, आणि फोटोग्राफीचं शिक्षणही मुख्यतः त्याच बाजूला असतं. अर्ज भरताना चुकीच्या रकान्यावर खूण केलीस तर संगणकासमोर बसायच्या अपेक्षेने जाशील आणि हातात जस्ताचा पत्रा येईल. तो पत्रा हातात घ्यायला आवडेल का, हे फॉर्म भरायच्या आधी स्वतः जाऊन बघ. फाइन आर्ट्सचं आवार, पुष्पबाग, तुझ्या घरापासून काही लांब नाही. विभागात परवानगी मागून तासभर उभी राहा. काम करणारी मुलं शाईच्या हातांनीच तुला सगळं दाखवतील, असा माझा अनुभव आहे.

एचिंगमध्ये पत्र्यावर मेण आणि डांबर यांचा पातळ थर देतात. सुईने त्या थरावर रेघ ओढायची, म्हणजे तेवढाच धातू उघडा पडतो. पत्रा ॲसिडमध्ये बुडवला की ॲसिड ती रेघ खातं. जितका वेळ ठेवशील तितकी रेघ खोल आणि छापताना तितकी काळी. मग थर पुसून पत्र्यावर शाई चोपडायची, मलमलीसारख्या जाळीदार कापडाने वरची शाई पुसून काढायची, रेघांतली तेवढी राहू द्यायची, ओलसर जाड कागद वर ठेवायचा, त्यावर बनातीचे थर, आणि सगळं प्रेसच्या दोन रुळांमधून काढायचं. कागदाचं टोक धरून तो उचलताना पहिल्यांदा कळतं की आपण काढलेलं चित्र उलटं आलंय, डावं उजवीकडे. राळेची भुकटी पत्र्यावर पसरून, खालून तापवून, मधल्या फटींतून ॲसिड खाऊ दिलं की रेघेऐवजी सावल्या मिळतात. त्याला ॲक्वाटिंट म्हणतात. ही करडी छटा नेमकी किती मिनिटांनी मिळाली हे वहीत लिहून ठेवणारी मुलगी फोटो काढायला गेली, की तिला सावलीतही तपशील दिसायला लागतो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या तिने एकेक करून हाताने बनवलेल्या असतात.

लिथोग्राफी तर तुझ्या देवघरातच असेल. जुन्या मराठी घरांत फ्रेममधली लक्ष्मी किंवा सरस्वती असते ना, राजा रविवर्म्यांची, ती पुष्कळदा त्यांच्याच छापखान्यात दगडावरून छापलेली असते. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, वरून शाई फिरवायची. तेल पाण्याला दूर ठेवतं, म्हणून शाई फक्त चित्राला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे एकाच जागी नेमके बसायला हवेत. लक्ष्मीच्या साडीच्या काठाशी भिंग धरून बघ, रंगांचे बारीक ठिपके एकमेकांवर पडलेले दिसतील. सयाजीरावांनी रविवर्म्यांकडून मोठी पौराणिक चित्रं करून घेतली, ती आपल्याकडे राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. मूळ तैलचित्र तिथे बघायचं आणि त्याच चित्रकाराचं छापील चित्र घरी बघायचं, इतकी सोय फार थोड्या गावांत आहे. तुझ्या भागातल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं आणि कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची चित्रंही बघून ये. तिथे फोटो काढू नकोस, वही घेऊन बस.

आईला ॲसिडची भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी. नायट्रिक ॲसिडची वाफ छातीला वाईट, राळेची धूळही वाईट. म्हणून काम उघड्या हवेच्या जागी किंवा पंखा वाफ बाहेर ओढून घेतो अशा ठिकाणी, हातमोजे आणि चष्मा घालून करायचं. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही, हे सायन्सवालीला सांगायला नको. जस्तासाठी मोरचूद आणि मिठाच्या द्रावणाचा पर्याय आहे, तांब्यासाठी फेरिक क्लोराइड चालतं, दोन्हींत नायट्रिकसारखी वाफ येत नाही. तुला दम्याचा त्रास असेल तर हे आधीच शिक्षकांना सांग. लाकूड, लिनोलियम आणि स्क्रीन यांच्यावर काम करून कुणी कमी दर्जाचं ठरत नाही. आईला एकदा कार्यशाळा दाखवायला घेऊन गेलीस तर तिला बरं वाटेल.

‘एकच निवडावं लागेल का?’ असं तू विचारलंस. प्रवेशाच्या कागदावर हो, कामात नाही. आणि हे बडोद्यात बसून मला समजावून सांगावं लागतंय याचं नवल वाटतं, कारण या दोन गोष्टी एकत्र नांदल्या त्या याच गावात. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन ही कला आणि तंत्र शिकवणारी संस्था काढली, तुझ्या घरापासून चालत जाण्याजोगी. आज तिथे इंजिनिअरिंग शिकवतात, म्हणजे बाबांना हवं होतं तेच. पण दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याला आले आणि कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाईची तंत्रं या सगळ्यांत त्यांनी हात घातला, पुढे छपाईच्या धंद्यातही होते, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फिल्मच्या पट्टीवर एकामागून एक चित्रं उमटवायची, म्हणजे सिनेमाची विद्या त्यांनी परदेशातून आणली खरी, पण रसायन, काच, कागद आणि उजेड यांच्याशी त्यांचा हात आधीच बसलेला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये फाइन आर्ट्सचा विभाग सुरू झाला तेव्हा चित्रकला शिकवायला आले ना. श्री. बेंद्रे, इंदूरचे मराठी माणूस, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले. बेंद्र्यांच्या आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक ज्योती भट्ट. त्यांचं नाव तू ऐकलं नसशील तर आजच शोध. ते चित्रकार, न्यूयॉर्कच्या प्रॅट संस्थेतून एचिंग शिकून आलेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लोककलेवरच्या एका परिसंवादासाठी त्यांनी गुजरातच्या खेड्यांतले फोटो काढले आणि मग ते थांबलेच नाहीत. लिंपलेल्या भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, बायकांच्या हातावरचं गोंदण, हे सगळं मातीबरोबर पुसलं जाणार होतं, आज ते त्यांच्या फोटोंत आहे. आणि त्यांच्या छापचित्रांत पोपट, मोर, अक्षरं येतात तीही त्याच भटकंतीतून. त्यांचा कॅमेरा आणि पत्रा एकमेकांचं खात-पीत मोठे झाले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलगी फोटोग्राफर होऊन काय करणार, असं कुणी नातेवाईक विचारेल तेव्हा होमाई व्यारावालांचं नाव घे. त्यांचा जन्म १९१३ मध्ये नवसारीला झाला आणि शिक्षण जे. जे. मध्ये. वृत्तपत्रांसाठी काम करणाऱ्या भारतातल्या पहिल्या स्त्री छायाचित्रकार त्याच. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी टिपली, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, आयुष्याची शेवटची पुष्कळ वर्षं त्या आपल्या बडोद्यात राहिल्या आणि २०१२ मध्ये इथेच गेल्या. त्यांनी फोटोग्राफीला सुरुवात केली तेव्हा तो ‘बायकांचा धंदा’ नव्हता, आजही लोक तसंच म्हणतात, आणि बायका काम करत राहतात.

प्रवेश मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस. फोटो आणि छपाई दोन्ही एकदम शिकवणारी एक गोष्ट तू गच्चीवर करू शकतेस, तीही याच उन्हात. सायनोटाइप. इंग्लंडच्या जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत आहे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून दोन क्षार आण: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. पहिला २५ ग्रॅम शंभर मिलिलिटर पाण्यात, दुसरा १० ग्रॅम शंभर मिलिलिटरमध्ये, दोन वेगळ्या गडद बाटल्यांत. हातमोजे घाल, स्वयंपाकघरातलं भांडं किंवा चमचा वापरू नकोस आणि फेरिसायनाइडजवळ ॲसिड येऊ देऊ नकोस. खोलीत पडदे ओढून, मंद पिवळ्या दिव्यात दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळ, चित्रकलेच्या जाड कागदावर ब्रशने पातळ लाव आणि अंधारात वाळू दे. फोटोची निगेटिव्ह, म्हणजे काळं-पांढरं उलटवलेला फोटो, झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक शीटवर काढून आण. ती कागदावर ठेव, वर काच, क्लिपा लाव, उन्हात ने. पिवळट हिरवा कागद हळूहळू राखाडी होईल. मग नळाखाली धू, पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत. उघड्या जागा निळ्या होतात, झाकलेल्या पांढऱ्या राहतात.

पहिला ठसा फिका येईल, दुसरा करपेल. पट्ट्या करून बघ: एकाच कागदावर पुठ्ठा सरकवत दोन मिनिटं, चार मिनिटं, सहा मिनिटं. हीच पद्धत डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरचे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत वापरतात, हीच ॲक्वाटिंटला. उन्हाच्या तासाप्रमाणे वेळ बदलतो, म्हणून वेळ, तास आणि आकाश कसं होतं हे मागे पेन्सिलीने लिही. एकाच निगेटिव्हचे ठसे जोपर्यंत सारखे येत नाहीत तोपर्यंत दुसरी निगेटिव्ह घेऊ नकोस. कंटाळा येईल. मला खरंच वाटतं की हा कंटाळा ज्याला सोसवतो, त्याने या शिक्षणाला यावं. ज्याला रोज नवा फोटो टाकून शंभर लाइक मिळाल्याशिवाय झोप येत नाही, त्याने मामाबरोबर लग्नाला जावं, तिथे तो जास्त सुखी राहील. तू यातली कुठली हे गच्चीवरच कळेल तुला.

याच दिवसांत प्रवेशपरीक्षेसाठी रोज रेखाटन कर. कॅमेऱ्यावर हात चांगला म्हणून रेखाटनाची परीक्षा सुटत नाही. घरातली भांडी, चपलांचा ढीग, आजी भाजी निवडताना, सगळं पेन्सिलीने, मोबाइलमधला फोटो समोर न ठेवता. खंडेराव मार्केटला पहाटे जाऊन फुलवाल्यांच्या एकाच गाळ्यासमोर बस आणि माणसं हलत असताना काढ. नंतर त्याच गाळ्याचे फोटो काढ, पण आधी विचारून. रस्त्यावरचा माणूस आपलं फुकटचं सामान नव्हे. आणि आठवड्याने फोटोची एक प्रत त्याला नेऊन दे. मुलाखतीला पन्नास सुंदर सूर्यास्त नेण्यापेक्षा त्या एका गाळ्याची बारा कामं ने, रेखाटनं आणि फोटो मिळून. बघणाऱ्याला त्यात तुझं डोकं चालताना दिसतं.

आता बाबा. त्यांची चिंता खरी आहे आणि तिला टाळून पुढे जाऊ नकोस. मोबाइलने पुष्कळ काम खाल्लं, एआयही खातंय. कुणीही कुठेही काढू शकेल असा फोटो, कुणालाही चालेल अशी सजावट, तीनशे सारखी ग्रीटिंग्ज, हे काम आता बहुतेक संपल्यात जमा आहे. पण बडोद्याच्या आसपास औषधं, रसायनं, यंत्रं बनवणारे कारखाने आहेत. त्यांच्या वस्तू, कामगार आणि जागा खऱ्याखुऱ्या टिपाव्या लागतात, आणि खोक्यावर गुजराती, हिंदी, इंग्रजी अक्षरं नियमात बसवून वाचता येतील अशी मांडावी लागतात. चूक झाली तर माल परत येतो. छापखान्यात पडद्यावरचा लाल आणि कागदावरचा लाल यांतला फरक कळणारं माणूस लागतं. संग्रहालयांना त्यांच्या वस्तूंची छायाचित्रं आणि नोंदी लागतात. शिकवणं आहे. र. कृ. जोशी जे. जे. मध्ये कमर्शियल आर्ट शिकले, कवी होते, सुलेखनकार होते. त्यांनी केलेला मंगल हा फाँट संगणकावर आला आणि लाखो लोकांनी त्यात मराठी वाचलं, नाव माहीत नसताना. बाबा ऑफिसात मराठी किंवा हिंदी मेल वाचत असतील तर त्यांनीही वाचलं असणार.

पहिली तीनचार वर्षं पैसे कमी मिळतील, हे बाबांना तूच सांग. दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल. आणि फीखेरीज कागद, शाई, पत्रे, छपाई यांचा खर्च सतत चालू असतो, तोही आत्ताच सांग. इथे मामा उपयोगी पडतो. त्याला नाही म्हणू नकोस. मे महिन्याची सुट्टी आणि लग्नसराई एकदमच येते, त्यात त्याच्याबरोबर काम कर, ठरलेला मोबदला घे, त्यातून सामान आण. एक गोष्ट मामालाही विचारून ठेव, कारण ती दोघांच्याही कामाची आहे: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे नवरीचा सुंदर फोटो तुझ्या पोर्टफोलिओत लावायचा असेल तर तसं लेखी ठरलेलं बरं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तिला विचारल्याशिवाय लावू नये.

बडोद्यात जागा मिळाली नाही तर दार बंद होत नाही. ॲप्लाइडसाठी मुंबईचं जे. जे. आहे, इंदूरला शासकीय ललित कला महाविद्यालय आहे. फोटोग्राफीच पुढे न्यायची असं पदवीनंतरही वाटलं तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा गांधीनगरला पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पण पहिली खटपट इथेच कर. घरचं जेवण, चालत कॉलेज, आणि वाचलेल्या भाड्याचा कागद आणता येतो.

राहिला कॅमेरा. आत्ता नवा घेऊ नकोस. मामाचा जुना डीएसएलआर ज्यावर तू शिकलीस तोच दोन वर्षं पुरेल. झूम लेन्स मात्र काढून ठेव. ठरावीक अंतराची, ५० किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स लाव, म्हणजे जवळ जायचं तर पायांनी जावं लागेल. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स घरातल्या कामाला जास्त सोयीची पडते, ५० ची चेहऱ्यांना. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, ठेवत जा आणि दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी कर. तुला पैसे घालायचेच असतील तर भक्कम ट्रायपॉडवर घाल, तो कॅमेऱ्यापेक्षा जास्त टिकतो. दुसरं वर्ष संपेल तेव्हा तू वस्तूंचे फोटो काढतेस, माणसांचे की भिंतींचे, हे तुला माहीत झालेलं असेल, आणि कॅमेरा त्यावरून निवडता येतो. ५० ची लेन्स विकत आणायच्या आधी मामाच्या स्टुडिओतलं कपाट उघडून बघ. स्टुडिओवाल्यांकडे ती एखादी पडलेली असतेच.

— काकू